झाकणावरचा खडू

खांडेनवमीला दोन दिवस उरलेत आणि आमच्या करी रोडच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कॉटखालची आप्पांची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली आहे, जमिनीवर ताडपत्री पसरली आहे आणि तिच्यावर मी पाने, पकडी, कानशी, हातोड्या एकेक करून मांडते आहे. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "अगं, पूजेला चार हत्यारं पुरतात. सगळी कशाला काढलीस?" पण सगळीच काढायची होती. आप्पा गेल्याला तीन पावसाळे झाले आणि या तीन पावसाळ्यांत ट्रंक कुणी नीट उघडलेलीच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थला राहायला जाऊन मला अकरा वर्षं झाली. तिथल्या घरांबद्दल, शाळांबद्दल, समुद्राबद्दल तुम्ही मला नेहमी विचारता. आज हत्यारांबद्दल लिहिते, कारण परदेशात गेल्यावर आप्पांची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच. ती कळायला मात्र मला हजारो किलोमीटरचा प्रवास आणि एक ढिला झालेला नट लागला.

आप्पा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९१५ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने सुरू केलेला हा कारखाना. तिथल्या टूल रूमची पद्धत ते आम्हाला कौतुकाने सांगायचे. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असायचे. हत्यार हवं असेल तर खिडकीवर बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. त्या हत्याराच्या खुंटीवर बिल्ला अडकवला जायचा. संध्याकाळी भिंतीकडे नुसती नजर टाकली की कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते कळायचं. हिशेबाच्या वहीची गरज नाही, कुणाला हाका मारायला नकोत.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत खुंट्यांची भिंत कुठून आणणार? म्हणून आप्पांनी ट्रंकेचं झाकण आतून काळं रंगवलं होतं, शाळेतल्या फळ्यासारखं. कोपऱ्यात सुतळीने खडू बांधलेला. चाळीत कुणी पाना मागायला आला की आप्पा कधी नाही म्हणाले नाहीत, पण त्याच्यासमोर झाकणावर लिहायचे: "१२-१३, समोरचे मामा". परत आला की पुसायचे. लहानपणी मला याची लाज वाटायची. शेजाऱ्यांवर विश्वास नाही असं दिसतं, असं वाटायचं. खरं तर त्या लिहिण्यामुळेच आप्पा कुणालाही, काहीही देऊ शकत होते.

ट्रंकेच्या आत जाड फेल्टचे तीन थर. खाली जड हत्यारं, मध्ये पाने, वर रोज लागणारी. पाने दुतोंडी, आकाराच्या चढत्या क्रमाने: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, असे वरपर्यंत. कानशी मात्र प्रत्येक वेगळ्या कापडात, कारण कानस कानशीवर घासली की दोघींचे दात जातात. आणि एका कोपऱ्यात शेपटीला लाल रंग लावलेले पाच पाने. ते विट्वर्थचे. १८४१ मध्ये जोसेफ विट्वर्थ या इंग्रज कारागिराने स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं, आणि ते जुन्या ब्रिटिश यंत्रांबरोबर आपल्या कारखान्यांत आलं. या पान्यांवरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो. ३/८ लिहिलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात १८ मिलीमीटरच्या आसपास असतं. हा मेट्रिक पान्यांत मिसळला तर माणूस चुकीचा पाना लावतो आणि नटाचे कोपरे गोल करून बसतो. म्हणून लाल रंग. आज तीनच लाल पाने सापडले.

आता पर्थ. तिथे आम्हाला गॅरेज मिळालं तेव्हा मी वेडी झाले होते. आमच्या चाळीतल्या दीड खोल्या मावतील एवढी जागा, फक्त गाडीसाठी! बनिंग्ज नावाचं हार्डवेअरचं प्रचंड दुकान आहे, तिथून आम्ही भोकांची फळी आणली, हुक आणले, ड्रॉवरचं लाल कपाट आणलं. आणि दोन वर्षांत काहीही सापडेनासं झालं. जागा भरपूर असली की माणूस वस्तू कुठेही टेकवतो. एकच स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही म्हणून दुसरा आणतो, आणि मग तसले चार निघतात. आमच्याकडे मापाच्या टेप पाच झाल्या होत्या.

ज्या रस्त्यावर माझे डोळे उघडले त्याचं नाव गिब रिव्हर रोड. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्ली म्हणून भाग आहे, तिथे डर्बीपासून कुनुनुराच्या बाजूला जाणारा हा ६६० किलोमीटरचा रस्ता. बराचसा कच्चा, लाल मातीचा. पावसाळ्यात बंदच असतो, म्हणून लोक मे ते ऑक्टोबरमध्ये जातात. या मातीवर गाड्यांच्या चाकांनी आडव्या लाटा उठतात, अगदी पत्र्याच्या छपरासारख्या. त्यावरून तासनतास गाडी थरथरत जाते आणि त्या थरथरण्याने बोल्ट सैल होतात.

आमची जुनी टोयोटा प्राडो. दुसऱ्या दिवशी दुपारी डॅशबोर्डचे दिवे लुकलुकायला लागले. बॉनेट उघडलं तर बॅटरी जागची हललेली आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट निघण्याच्या बेतात. दहा नंबरचा नट. दोन मिनिटांचं काम. नवरा हत्यारं काढायला मागे गेला.

हत्यारं होती प्लॅस्टिकच्या त्या मोठ्या पेटीत, जिच्यात शंभरावर वस्तू साच्यात बसवलेल्या असतात. ती पेटी फ्रिजखाली, फ्रिजवर तंबू, तंबूवर पाण्याचे कॅन. सगळं उतरवून पेटी ओढली तर तिची कडी हादऱ्यांनी कधीच सुटलेली. सॉकेट मागच्या सीटखाली, पाण्याच्या कॅनच्या मध्ये, गालिच्याच्या घडीत. आठ सापडला, बारा सापडला, चौदा दोनदा सापडला. दहा नाहीच. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, तरी दुपारी तिशीच्या वर ऊन. तासभर आम्ही त्या लाल धुळीत गुडघ्यावर बसून शोधत होतो आणि धाकटी रडत होती. शेवटी नवऱ्याने पक्कड लावली आणि नटाचा एक कोपरा खाल्ला.

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं थांबलं. तिकडे निवृत्त झालेली माणसं गाडी घेऊन महिनोन्महिने देशभर फिरतात, त्यातलं. आजींनी ड्रायव्हरच्या सीटमागे हात घातला आणि कॅनव्हासची एक गुंडाळी काढली. बॉनेटवर उलगडली. ओळीने कप्पे, प्रत्येक कप्प्यावर दोऱ्याने आकडा शिवलेला. दहाचा पाना उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. काम झाल्यावर पाना पुसला, कप्प्यात घातला, गुंडाळीवरून एकदा बोट फिरवलं, कुठला कप्पा रिकामा नाही ना ते पाहिलं, मगच दोरी बांधली. त्यांचं ते बोट फिरवणं पाहिलं आणि मला आमचं काळं झाकण आठवलं. मी तिथेच उभी राहून रडले. आजींना वाटलं उन्हाने असेल. त्यांनी मला पाणी दिलं.

त्या वर्षी मुंबईला आले तेव्हा लालबागमध्ये मंडपाचं कापड शिवणाऱ्याकडे गेले आणि जाड कॅनव्हासची तशीच गुंडाळी शिवून घेतली. आप्पा तेव्हा होते. त्यांनी मोजून कप्पे आखून दिले आणि वरून खाली दुमडणारी झडप लावायला सांगितली, म्हणजे गुंडाळी उलटी झाली तरी पाना घसरणार नाही. त्यांनीच विचारलं, "तुझ्या गाडीला कुठले नंबर लागतात ते आधी लिहून काढ. दुकानदार देईल ते सगळं कशाला वाहायचं?" मी गाडीखाली शिरून मोजलं. जपानी गाडीत बहुतेक ८, १०, १२, १४, १७, १९. तेरा नंबर जर्मन गाड्यांना हवा, आम्हाला जवळपास कधीच नाही. मोठ्या पेटीतलं अर्ध्याहून जास्त सामान घरीच राहिलं.

गाडीत आता गुंडाळी सीटमागे असते, सामानाखाली कधीच नाही. टायरमधली हवा मोजायचं मीटर आणि हवा सोडायचं यंत्र त्याहून जवळ, दाराच्या खणात, कारण वाळूवर उतरताना हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करावी लागते आणि रस्त्यावर आल्यावर परत भरावी लागते. चाकाच्या नटांचा २१ चा सॉकेट आणि लांब दांडा एकत्र बांधलेले. जॅक, कॉम्प्रेसर असलं जड सामान अगदी खाली, मागच्या सीटला चिकटून, पट्ट्याने आवळून. जोरात ब्रेक लागला की सुटा पडलेला जॅक माणसाच्या डोक्याकडेच येतो. टपावर तर जड काही ठेवूच नये, वळणावर गाडी कलंडते. हत्याराला हत्यार लागत असेल तिथे मी जुने मोजे चढवते. आवाज थांबतो आणि धारही राहते.

गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हत्यार टांगून भोवतीने मार्करने त्याची आकृती काढली. विमानांच्या कारखान्यात असंच करतात, कारण इंजिनात विसरलेला एक पाना विमान पाडू शकतो. मोकळी आकृती लांबूनही ओरडते. माझी सात वर्षांची मुलगी पण हातोडी बरोबर तिच्या आकृतीत नेऊन लावते. शिवाय मी हत्यारं प्रकाराने न लावता कामाने लावते: नळाच्या कामाचं एका जागी, विजेचं दुसऱ्या जागी, सायकलीचं तिसऱ्या. नळ गळत असताना पान्यांच्या ओळी शोधत बसायचं नसतं.

पर्थला मात्र गंजाची काळजी फार नाही. तिथला उन्हाळा कोरडा. मुंबईची गोष्ट वेगळी. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. त्यात समुद्राचं मीठ. ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकलेली होती, ती ओल फेल्टने शोषून घेतली. वरचा थर बराच वाचला, खालचा सडला. बॉलपीन हातोडीवर हात फिरवला तर तळवा तांबडा झाला.

काल मी वाण्याकडून व्हिनेगर आणून गंजलेली काळी हत्यारं रात्रभर त्यात बुडवली. सकाळी तारेच्या ब्रशने घासली, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच कोरडी केली आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवला. चकचकीत मुलाम्याच्या पान्यांना व्हिनेगर लावू नका, मुलामा निघतो. त्यांना नुसतं तेल आणि काथ्या. लाकडी मुठींना जवसाचं तेल दिलं. त्याची चिंधी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. तसा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फेल्ट फेकून दिलं. वर्तमानपत्रही ठेवलं नाही, तेही ओल धरतं. ट्रंकेखाली दोन विटा सरकवल्या, म्हणजे खालून वारा जाईल, आणि आप्पा ठेवायचे तशा कापराच्या वड्या चार कोपऱ्यांत ठेवल्या.

आज दुपारी नागदेवी स्ट्रीटला जाऊन आले. मशीद बंदर स्टेशनजवळची ती गल्ली हत्यारांच्या दुकानांनी भरलेली. दुकानदाराला मी हरवलेल्या विट्वर्थच्या दोन पान्यांची मापं सांगितली तेव्हा त्याने वर बघितलं आणि विचारलं, "मिलमध्ये होते का तुमचे कुणी?" एक मिळाला, एक नाही. दुसऱ्यासाठी शुक्रवारी चोरबाजारात बघ म्हणाला. ज्या यंत्रांना ते पाने लागायचे ती आता आमच्या घरी कुणाकडेच नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी घेतला. शेपटीला लाल रंगही लावला.

झाकण पुसायला घेतलं तेव्हा एक ओळ दिसली. "मोठी पक्कड, समोरचे मामा". आप्पांचंच अक्षर. मामांची खोली विकली गेली, ते विरारला गेले. आईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे. येतात ते गणपतीला." मी त्या ओळीला सोडून बाकीचं झाकण पुसलं.

माझ्यासोबत पर्थला एकच पाना नेते आहे, १०-११ चा. मातीचा कण राहिला तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर अडवतात, म्हणून दातांच्या जुन्या ब्रशने तो खाचेपर्यंत घासलाय. नेतानाची नोंद मामांच्या ओळीखाली केली.

संध्याकाळी पुतण्या खेळून आला. सायकलच्या पॅडलसाठी पंधरा नंबर हवा होता त्याला. मी त्याला आधी सुतळीचा खडू दाखवला, मग १४-१५ दिला.