कंबोडियाला गेलात आणि अंगकोर वाट नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न निघाला की मी चहा टाकायला उठते आणि नवरा मोबाइलमध्ये डोकं घालतो. "एवढे कंबोडियाला गेलात, आणि अंगकोर वाट न बघता आलात?" शेजारच्या काकूंनी विचारलं, माझ्या भावाने विचारलं, जाऊबाईंनी दोनदा विचारलं. मुलीने काही विचारलं नाही, नुसता कपाळाला हात लावला.

बेत पक्का होता हो. नवऱ्याची एक्सेल शीट होती. राजधानी नॉम पेन्ह दोन रात्री, काम्पोट तीन, सिएम रीप सहा (अंगकोर वाटचं ते प्रसिद्ध जुनं मंदिर याच गावाजवळ), परतीची एक रात्र पुन्हा नॉम पेन्ह. प्रत्येक गावाला वेगळा रंग. प्रत्यक्षात काम्पोटला नऊ रात्री राहिलो आणि सिएम रीपचा हिरवा पट्टा शीटमध्येच राहिला.

काम्पोट देशाच्या दक्षिण टोकाला, नॉम पेन्हपासून दीडेकशे किलोमीटरवर. गावाच्या मधल्या चौकात दुरियनचा अवाढव्य पुतळा आहे. दुरियन म्हणजे फणसाचा वांड भाऊ. कुठेही जायचं असलं की पत्ता या पुतळ्यापासून सुरू. नदी गावाला लागूनच, आणि समुद्र जवळ असल्यामुळे भरतीचं पाणी आत येतं, म्हणजे आमच्या भाषेत ही खाडीच. मी शिरोड्याची. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी ओहोटीच्या चिखलाचा वास आला तेव्हा नवरा म्हणाला, "एवढं विमानाचं भाडं भरून तुझ्या माहेरीच आलो की काय?"

आमची खोली गावाबाहेर नदीकाठी होती. लाकडी खांबांवर उभी, वर झावळ्यांचं छप्पर, पुढे ओटीएवढा सज्जा आणि त्यात बांधलेली झोळी. ही झोळी तिथे घरोघरी. दुकानदार गल्ल्यामागे झोळीत, आणि टुकटुकवाला तर गिऱ्हाईक नसलं की टुकटुकच्या आतच झोळी अडकवून आडवा. आमच्या वाट्याला एकच होती. पहिल्या दिवशी आम्ही पाळी लावली, अर्धा अर्धा तास, घड्याळ लावून. तिसऱ्या दिवसापर्यंत घड्याळ सुटलं. जो झोपला तो झोपला.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला सिएम रीपची व्हॅन न्यायला येणार होती. तिकीट काढलेलं, सॅक भरलेल्या. मी सहालाच उठून सज्जात बसले, तर नवरा आधीच तिथे. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "निघायचं ना?"

"तुला जायचंय?"

"तुला?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. यात आम्ही एकमेकांना "किती वाजता", "कुणी आणायचं", "किती झाले" हे हजारो वेळा विचारलं असेल. "तुला जायचंय का" हे कधी विचारलं होतं ते दोघांनाही आठवेना. तेवढ्यात व्हॅन आली. नवरा खाली जाऊन ड्रायव्हरशी हातवारे करून बोलून आला, आणि ती धूळ उडवत गेली. तिकिटाचे पैसे बुडाले. कारण एवढंच. आजारपण नाही, पैसे संपले नाहीत, भांडण तर अजिबात नाही. काकूंना हे पटत नाही. त्यांना वाटतं आम्ही काहीतरी लपवतोय.

मग सहा दिवस केलंत काय, हा पुढचा प्रश्न. सकाळी सायकलने गावात. परतताना जुन्या पुलावरून. हा फ्रेंचांच्या काळातला पूल युद्धात मोडला, आणि पुढे जसं जमेल तसा जोडला, त्यामुळे त्याचा एकेक गाळा वेगळ्या तऱ्हेचा. ठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो. दुपारी झोळी. संध्याकाळी पलीकडच्या बोकोरच्या डोंगराआड सूर्य बुडताना बघायचा. डोंगरावर फ्रेंचांनी १९२५ साली उघडलेलं हॉटेल आहे, तिथेही आम्ही गेलो नाही. आता म्हणा काय म्हणायचं ते.

एक दिवस मात्र मिरीच्या बागेत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. काम्पोटची मिरी जगात नावाजलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे तिची लागवड फोफावली, फ्रेंच स्वयंपाकघरांत ती पोचली. मग १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे तिथले कट्टर कम्युनिस्ट, सत्तेवर आले. सगळ्यांना भातशेतीला जुंपलं, आणि वेलांकडे बघायला कोणी उरलं नाही. नंतर मोजक्या कुटुंबांनी परत येऊन वेल लावले. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसं.

आमच्याकडे मिरवेल पोफळीवर नाहीतर माडावर चढते, जागा मिळेल तशी. तिथे रांगेत खांब, दोन पुरुष उंच, आणि शिडी लावून काढणी. आम्ही गेलो तो फेब्रुवारी, काढणीचे दिवस. शेडमध्ये माझ्याच वयाची एक बाई पांढऱ्या ताटात वाळलेली मिरी पसरून चिमट्याने निवडत होती. लाल एकीकडे, काळी दुसरीकडे, फुटकी तिसरीकडे. पूर्ण पिकलेली ती लाल, तीच भिजवून साल काढली की पांढरी, आणि त्याआधीची उन्हात वाळवली की काळी. मी शेजारी बसले, तिने हसून दुसरा चिमटा दिला. दहा मिनिटांत मी निवडलेल्यातले निम्मे दाणे तिने परत मधल्या ढिगात ढकलले. शेवटी एक लाल दाणा माझ्या तळहातावर ठेवला. चावला तर आधी चक्क गोडसर, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू चढत गेलेला तिखटपणा.

तिच्या भाषेत मिरीला 'म्रेच' म्हणतात. आपलं संस्कृत 'मरिच'च ते. ही माहिती आमच्या गेस्टहाउसमधल्या मुलीने दिली, आणि वर हेही सांगितलं की त्यांच्याकडे नवऱ्याला शुद्ध भाषेत 'स्वामी' म्हणतात. त्यानंतर दोन दिवस आमचे स्वामी झोळीतून उठायला तयार नव्हते.

एक फजितीही सांगते, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. तिथे डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, डॉलरखालची सुटी रिएलमध्ये मिळते, साधारण चार हजारांना एक डॉलर. पण डॉलरची नोट कोरी हवी. आमच्याकडे इथूनच बदलून नेलेली वीस डॉलरची एक नोट होती, कोपऱ्याला नखाएवढी चीर. ती हॉटेलने नाकारली, टुकटुकवाल्याने नाकारली, खेकडेवालीने उन्हाकडे धरून बघितली आणि नम्रपणे परत दिली. (खेकडे पंचवीसेक किलोमीटरवरच्या केपच्या बाजारात, ओल्या हिरव्या मिरीच्या घोसांसकट परतलेले. त्यावर एक वेगळा लेख होईल.) ती नोट अजून कपाटात आहे.

मिठागरं केपच्या वाटेवर लागली. खांद्यावर कावड घेऊन माणसं मीठ वाहत होती. मी सायकल टेकवून उभी राहिले, नवरा पाऊण तास काही न बोलता उभा राहिला. एक्सेल शीटमध्ये याला चौकोन नव्हता.

चुटपुट आहे का? आहे. अंगकोरच्या भिंतीवरचं समुद्रमंथन मला खरंच बघायचं होतं. देव-दानव वासुकीला धरून ओढताहेत, जवळजवळ पन्नास मीटर लांब. अंगकोर अगदीच दिसलं नाही असंही नाही. त्यांच्या झेंड्यावर ते आहे, आणि नवऱ्याने रोज संध्याकाळी बिअरच्या कॅनवर त्याचं भक्तिभावाने दर्शन घेतलं.

परवा त्याने नवी शीट उघडली. सिएम रीप सहा रात्री, यावेळी अगदी नक्की, तिकीटही कोरं काढायचं. मी मागून बघितलं तर त्याच्याआधी एक चौकोन होता, काम्पोट, चार रात्री.

"हे काय?"

"वाटेत लागतं," तो म्हणाला.

नकाशा काढून बघा. सिएम रीप वर, काम्पोट पार खाली समुद्राला लागून, मध्ये अख्खा देश.