कडं नक्की कुणाच्या डोक्याभोवती?

मी डे हाइक्स लीड करतो, पोटापाण्याचा धंदाच तो. लोकांना वाटतं काय मजा आहे राव, पैसे घेऊन डोंगर बघायचे! खरं सांगायचं तर अर्धा वेळ मी डोंगर बघतच नाही, डोकी मोजतो. आणि ज्या दिवशी मोजायची राहिली त्या दिवसाची ही गोष्ट.

सोपा रूट होता. जायला ५ किलोमीटर, चढ ६०० मीटर, घरापासून जवळ, दुपारी परत. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब मांडलेला, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे दोन तास. पण तो हिशेब फिट माणसाचा, थांबे न धरता. १६ जणांचा ग्रुप म्हटलं की मी सरळ पावणेतीन धरतो, कारण कुणाची लेस सुटते, कुणाला फोटो हवा असतो, आणि एकजण तरी आदल्या रात्री झोपलेलाच नसतो.

सहाला निघालो. आकाश निरभ्र आणि खाली दरीत धुकं गच्च भरलेलं. रात्री गार हवा जड होऊन खाली बसते आणि वर ऊबदार हवेचं झाकण, त्यामुळे धुकं तिथेच कोंडून राहतं. वरून बघितलं की ढगांचा समुद्र, त्यातून बेटांसारखी शिखरं. पण ऊन तापायला लागलं की तेच धुकं उचलतं आणि अंगावर येतं, मग माथ्यावर जाऊन पांढरा पडदा बघत बसा. मला ते त्याच्या आधी सगळ्यांना दाखवायचं होतं. हीच घाई नडली.

वाटेत धारेवर एक फाटा आहे. डावीकडे माथ्याची वाट, उजवीकडे ढोरवाट एका सोंडेवर जाते आणि सोंड पुढे कड्यात संपते. फाट्यावर काउंट घ्यायचा हा माझाच नियम. मी नुसतं ओरडलो "डावीकडे हं, डावीकडे" आणि सुटलो. तिकडे मागे एका मुलीच्या बुटाचा सोल निघाला (बूट वापरले नाहीत तरी ५-७ वर्षांत हवेतल्या ओलाव्याने आतला फोम भुगा होऊ शकतो, कपाटात नवेकोरे दिसतात आणि डोंगरात तोंड उघडतात). आमचा बॅक लीड, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा, तो दोरीने बांधत बसला आणि पुढे असलेल्या काका-काकूंना म्हणाला तुम्ही व्हा पुढे, ग्रुप समोरच आहे. ग्रुप कुठला समोर, मी निम्म्याला माथ्यावर पळवलेलं.

आठ चाळीसला माथा. काउंट चौदा. बॅक लीड हजर, सोलवाली हजर, काका-काकू नाहीत. पोटात गोळा आला. आणि नेमकं तेव्हाच धुकं वर यायला लागलं, पाच मिनिटांत दहा पावलांपलीकडचं दिसेना.

बॅक लीडला म्हटलं इथून एकानेही हलायचं नाही, आणि एकटा खाली आलो. फाट्यावर उभं राहून शिट्टी. डोंगरातला मदतीचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर असतं मिनिटाला तीन. हरवलेले ते आणि हुडकणारा मी, तरी तेच वाजवलं, कारण सकाळी ब्रीफिंगमध्ये तेच सांगितलेलं. ते शांत मिनिट फार वाईट असतं. धुक्यात आवाज कुठून येतोय तेही धड कळत नाही. तिसऱ्या फेरीनंतर उजवीकडून बारीक, फुसके, पण मोजून तीन. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या बकलमध्येच छोटी शिट्टी असते. सकाळी हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त हसले होते ते काकाच.

सोंडेवर पोचलो तर दोघं दगडावर बसून भांडतायत.

"अहो, माझ्या डोक्याभोवती होतं, मी बघितलं ना."

"अगं, माझ्या. तुझ्या सावलीला काहीच नव्हतं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "दादा, जरा गप उभा राहा, परत येतंय."

पाठीमागचं ऊन धुकं फाडून आलं आणि समोर खालच्या धुक्यावर माझी लांबलचक सावली, डोक्याभोवती इंद्रधनुष्यी गोल कडं. इंद्रवज्र. जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगरावरून इंग्रजीत त्याचं नाव पडलंय. इतकी वर्षं या धंद्यात, फोटो शंभर बघितलेले, प्रत्यक्ष पहिल्यांदाच. रागवायचं होतं ते राहूनच गेलं. सोंडेचा कडा तिथून चाळीसेक पावलांवर होता, धुक्यात दिसतही नव्हता, आणि हे दोघं डोक्याभोवतीच्या त्या इंद्रधनुष्यी कड्यापायीच जागेवर थांबले होते, हे डोक्यात आलं तेव्हा गुडघे जरा हलले माझे.

भांडणाचं म्हणाल तर दोघंही बरोबर होते. सूर्य बरोब्बर पाठीमागे असताना धुक्याचे थेंब उजेड आला त्याच दिशेला परत फेकतात, त्यामुळे ज्याला त्याला कडं फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याची सावली दिसते, त्याचं कडं नाही. हे समजावलं तर काका म्हणाले, "दादा, हिची बाजू घेऊ नका."

माथ्यावर पोचलो तर सगळं पांढरंफटक. स्वच्छ असतं तर सपाटीपासून ६०० मीटर उंचीवरून क्षितिज ८५ किलोमीटरच्या पुढे जातं, इथे आमचाच ग्रुप नीट दिसत नव्हता. काहीजण वैतागलेले, आणि त्यांचं चूक नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की काउंट माझा राहिला. मग काकांनी मोबाइल काढला, फोटो आलाय म्हणाले, आता होऊ दे निकाल. सगळे वाकून बघायला लागले.

फोटोत दोन सावल्या, आणि कडं दोघांच्याही डोक्याभोवती नाही. काकांच्या बाजूला लांब केलेल्या हाताभोवती, बरोबर मोबाइलच्या सावलीवर.

"बघा," काकू म्हणाल्या, "तुमच्या डोक्यापेक्षा त्याचं जास्त चालतं म्हणून."