आभार कोणी ऐकत नाही

परवा आमच्या वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम होता. दुपारी चारचा, म्हणजे पावणेपाचला सुरू झाला. पंख्याच्या वाऱ्याने समई दोनदा विझली, मग पंखाच बंद केला. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यानंतर निवेदकाने 'आता आभारप्रदर्शन' एवढं म्हणायचा अवकाश, मागच्या रांगेतून खुर्च्या सरकायला लागल्या. व्हरांड्यात बटाटेवडे येऊन पडले होते आणि त्यांचा वास भाषण चालू असतानाच सभागृहात येऊन बसला होता. माईकपुढे एफ. वाय.मधली एक मुलगी उभी. तिच्या हातातला कागद इतका थरथरत होता की आधी कागदाचाच आवाज स्पीकरमधून आला.

मी उठले नाही. आभाराला मी कधीच उठत नाही. घरच्यांना ही माझी खोड माहीत आहे. आमचे हे तर सरळ पुढे जाऊन माझ्या वाटचा वडा कागदात बांधून घेतात.

खरं तर सभेत आभाराइतकं बिनमहत्त्वाचं काम नाही. प्रास्ताविक सरांकडे, सूत्रसंचालन ज्याला चारोळ्या पाठ आहेत त्याच्याकडे, पाहुण्यांचा परिचय ज्याला तो वेळेवर मिळवता आला त्याच्याकडे, स्वागतगीत पेटीवाल्या मुलींकडे. एवढं वाटून जे उरतं ते आभार, आणि ते जो उरतो त्याच्याकडे जातात. आमच्या कॉलेजात उरलेली मी होते.

उरायचं कारण चौथीत घडलं होतं. एक ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. गुरुजींनी लिहून दिलेलं भाषण मी आठ दिवस गोठ्यात म्हशीपुढे म्हणून पाठ केलेलं. उभी राहिले. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो' इथपर्यंत गाडी सुसाट. पुढे शेंगा आल्या. टरफलं आली. आणि टरफलांपाशी सगळं संपलं. म्हशीपुढे कधी असं झालं नव्हतं. समोर अख्खी शाळा मांडी घालून बसलेली, पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ नाक पुसत बघतोय. मला एकच वाक्य आठवलं, ते म्हणून टाकलं : 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.' खरोखर दोनच शब्द झाले होते. गुरुजीसुद्धा हसले. पुढची कित्येक वर्षं मला गल्लीत 'टरफल' म्हणायचे. त्यानंतर मी चार माणसांपुढे तोंड उघडलं नाही, दहावी-बारावी तोंडी परीक्षा सोडून.

मग तालुक्याचं कॉलेज. आमच्या वारणाकाठच्या गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी पहाटे परत निघायची, तिने जायचं. लेक्चर साडेसातला. कॉलेजात पहिली मौज कसली वाटली असेल तर हजेरीची. शाळेत नाव पुकारायचे, इथे नंबर. सत्तेचाळीस. 'येस सर' म्हटलं की सुटलं. सत्तेचाळीस नंबरला कोणी टरफल म्हणत नव्हतं. कॉलेजात माणूस घडतो वगैरे म्हणतात ते असेल, पण मला आधी कॉलेजात हरवता आलं, आणि ते फार बरं वाटलं.

एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलं ते मैत्रिणीने घातलं म्हणून. वर्षाला १२० तासांचं काम, दोन वर्षांत २४०, आणि वर एक मुक्कामाचं शिबिर. योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झाली हे सर दर वर्षी सांगायचे. बॅजवर कोणार्कचं चाक होतं, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. ब्रीदवाक्य 'नॉट मी, बट यू'. सरांनी वर्गात प्रश्न विचारला आणि 'कोण सांगेल?' म्हटलं, की आम्ही पोरी एकमेकींकडे बोट दाखवून हे ब्रीद तंतोतंत पाळायचो.

पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला पोरं 'आवाज कुणाचा' म्हणून भरत नाट्य मंदिर दणाणून सोडतात. आमच्याकडे आवाज माईकवाल्याचा. 'हॅलो, माईक टेस्टिंग' एवढंच खणखणीत ऐकू यायचं, बाकी सगळं शिट्टी वाजवत.

शिबिर १९९३ च्या डिसेंबरात, डोंगराच्या अंगाला असलेल्या दत्तक गावात. किल्लारीचा भूकंप होऊन तीन महिनेही झाले नव्हते. संध्याकाळच्या बौद्धिकाला कोणताही वक्ता आला तरी गावकरी प्रश्न भूकंपावरच विचारत, मग विषय हुंड्याचा असो की कुक्कुटपालनाचा. म्हातारी माणसं कोयनेचा १९६७ चा भूकंप काढून बसायची. सकाळी प्रभातफेरी, मग शोषखड्डे आणि चर खोदायचे. मुलांचा मुक्काम शाळेत, मुलींचा देवळाशेजारच्या खोलीत. आंघोळीचं मोठं अवघड होतं. ते एका आजींनी सोडवलं. त्यांच्या परड्यात आडोसा होता, चूल होती, आणि पहाटे चारला पेटलेली असायची. बावीस मुली, सात दिवस. आजी जळणाला नाव ठेवायच्या, धुराला शिव्या द्यायच्या, पण बादली उतरली की पुढचीला हाक मारायच्या.

शेवटच्या दिवशी समारोप. आभार मानणाऱ्या मुलाचा घसा रात्रीच्या गाण्यांनी बसलेला. सरांनी नजर फिरवली. सगळे काहीतरी करत होते, मी सतरंजीची घडी घालत होते, म्हणजे रिकामीच.

'सत्तेचाळीस, तू आभार मान.'

माझं तोंड बघून सर जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'घाबरतेस कशाला? आभार कोणी ऐकत नाही.'

पुढे व्यक्तिमत्त्व विकासाची किती शिबिरं, किती वक्ते ऐकले. नजरेला नजर द्या, श्वास खोल घ्या, आरशापुढे बोला. ते सगळं समोरचे ऐकतायत असं धरून चाललेलं. सरांनी धरलेलं उलटं होतं, आणि मला तेच लागू पडलं. त्यांनी यादी सांगितली, मी लिहून घेतली. तेवीस नावं. सरपंच, ग्रामसेवक, दूध डेअरी, शाळा, मंडपवाले, माईकवाले.

आणि खरंच कोणी ऐकलं नाही! तिसऱ्या नावाला पाहुणे मोटारसायकलला किक मारून गेले. सातव्याला पलीकडे पंगतीच्या पत्रावळ्या मांडायला लागले. आमटीचा वास. पोरं ताटकळून पाठमोरी झालेली. मी वाचत होते, आणि दहा-अकराव्या नावाला कधीतरी माझ्या लक्षात आलं की आपला आवाज चालू आहे. स्पीकरमधून देवळाच्या शिखरावर जातोय, तिथून खाली येतोय, आणि तो जरा चांगलाच आहे. मग मी सावकाश वाचायला लागले. ग्रामसेवकाचं नाव दुसऱ्यांदा घेतलं तरी चाललं असतं.

यादी संपली. 'ज्ञात-अज्ञात' वगैरे म्हणून उतरायचं होतं. पण माझ्या तोंडून कागदावर नसलेलं वाक्य आलं : 'आणि ज्यांच्या परड्यात आम्ही सात दिवस आंघोळी केल्या, त्या आजींचे.'

देवळाच्या खांबाला टेकून त्या बसल्या होत्या, सगळ्या गावात त्या एकट्याच माझ्याकडे बघत होत्या. तिथूनच ओरडल्या, 'आसू दे गं! पानी काय माझ्या बाऽचं हुतं व्हय?'

सगळा मांडव हसला. चौथीतही सगळे हसले होते. पण ते हसणं आणि हे हसणं यांत फरक होता, आणि तो मला पंगतीत बसल्यावर, दुसऱ्यांदा आमटी घेताना कळला. परतताना ट्रकमध्ये यादी चाळली तर तीत सरांचं नाव नव्हतं. साहजिकच, सांगणारे तेच होते. दुसऱ्या दिवशी तसं म्हटलं, तर चर मोजायची टेप गुंडाळत म्हणाले, 'मग काय झालं? ऐकलं होतं का कोणी?'

त्यानंतर टी. वाय. होईपर्यंत कॉलेजातले सगळे आभार माझे. सराव इतका झाला की कागद नुसता शोभेला. तो एकदा नडला. कागद मागच्या वर्षीचा होता, आणि मी मागच्या वर्षीच्या पाहुण्यांचे मनःपूर्वक आभार मानले, ते या वर्षीच्या पाहुण्यांसमोर. सभागृहात कोणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त पाहुण्यांनी हातातला नारळ जरा खाली ठेवला.

आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यांना म्हणे प्रेझेंटेशनला मार्क असतात. स्लाइड, घड्याळ, समोर दोन परीक्षक, आणि मागे बसलेली पोरं उठूनही जाऊ शकत नाहीत. मला पोरांची कीव येते. एकदम सगळ्यांनी ऐकायचंच, म्हणजे काय! शिकाऊ गाडीवाल्याला आधी मोकळं माळरान लागतं. पण हे मी त्याला सांगितलं की तो मोबाइलमधून मान वर न काढता 'हो गं' म्हणतो, म्हणजे तिथेही आभारच.

तर परवाची मुलगी. 'पाहुण्यांनी आपला अमूल्य वेळ' वर एकदा अडली, 'फूल ना फुलाची पाकळी' नीट पार केली. कागदाचा आवाज कमी होत गेला. व्हरांड्यात चटणीवरून वाद चाललेला. शेवटी तिने मान वर केली, तर सभागृहात रिकाम्या खुर्च्या, वायर गुंडाळणारा माईकवाला आणि मी. क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आणि उरलेल्या श्रोत्यांचे आभार.' कागदावर नव्हतं ते, हे मी पैजेवर सांगते.

तिला काहीतरी सांगावं असं फार वाटलं. आजींचं, सरांचं, निदान आवाज चांगला आहे एवढं तरी. ती माईक बंद करून सरळ माझ्याकडेच आली.

'काकू, काही राहिलंय का तुमचं? शोधताय का काही?'

तीस वर्षांत बारशापासून शोकसभेपर्यंत कुठे कुठे बोलले असेन. आणि नेमकी तेव्हा टरफलं आली.

'चष्मा,' मी म्हटलं.

ती वाकून दोन रांगा खुर्च्यांखाली बघून आली बिचारी. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.