केंद्राचा गोषवारा जुळवताना: माझा अनुभव

केंद्र म्हणजे आसपासच्या बारा-चौदा शाळांचा समूह. या शाळांची माहिती एका दिवसात गोळा होते, जुळवायला मात्र तीन दिवस जातात. केंद्रप्रमुख म्हणून मला आधी वाटायचं, उशिरा येणारी प्रपत्रं हीच डोकेदुखी. पण जास्त त्रास देतात ती वेळेवर आलेली आणि वेगवेगळ्या तारखांचा पट धरून भरलेली. म्हणून आता निरोपातच लिहितो: 'यू-डायससाठी ३० सप्टेंबरचा पट, दाखला दिलेली मुलं वगळून.' (यू-डायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद.) नुसतं 'पट कळवा' म्हटलं की कुणी आजचा देतो, कुणी जूनचा.

प्रपत्र आलं की आधी बेरीज-वजाबाकी. मागचा पट, अधिक नवीन दाखल, वजा दाखला घेऊन गेलेले. उत्तर चालू पटाशी जुळलंच पाहिजे. एक-दोन मुलांचा फरक बहुधा स्थलांतरातला असतो. जुन्या शाळेनं यू-डायस प्लस या पोर्टलवर मूल ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं, नव्या शाळेनं पेन क्रमांकानं (मुलाच्या कायम ओळख क्रमांकानं) ते आत घेतलं नाही, तर मूल वर्गात बसतं पण पोर्टलवर कुणाच्याच पटात नसतं. अशा वेळी दोन्ही मुख्याध्यापकांना एकाच फोनवर घ्यावं. वेगवेगळं विचारलं तर दोघेही 'आमच्याकडून झालंय' म्हणतात.

पोषण आहाराचा तक्ता तपासणं तुलनेनं सोपं, कारण तांदूळ खोटं बोलत नाही. दर मुलामागे रोज पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतच्या शाळेत महिन्याचे एकूण लाभार्थी, म्हणजे रोज जेवलेल्या मुलांची बेरीज, १,३२० असतील तर खर्च १३२ किलो. तिथे १९८ दिसला की समजायचं, वरच्या वर्गांचा दर लागलाय. या महिन्याची आरंभीची शिल्लक मागच्या महिन्याच्या अखेरच्या शिलकेशी ताडून पाहतो. आणि रोजचे लाभार्थी महिनाभर अगदी सारखेच असतील, तर हजेरीपट मागवतो. पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी हजेरी हलल्याशिवाय राहत नाही.

एक्सेलमधले घोळ निराळे. देवनागरीत टाइप केलेला आकडा बऱ्याचदा मजकूर म्हणून बसतो आणि बेरजेत येतच नाही. एकूण कमी आलं की आधी तेच बघावं. यू-डायस कोड अकरा अंकी, त्याच्या मागेपुढे एखादी रिकामी जागा राहिली तरी शाळा सापडत नाही. रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहिती नाही, हेही कळत नाही. म्हणून शून्य लिहायलाच सांगतो. कागदाचा फोटो आला तर हाताने लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. एकदा तरी प्रत्येकजण यात फसतो.

तक्त्याचे रकाने मध्येच कुणी वाढवले की सगळं कोसळतं. शीर्षकाची ओळ कुलूपबंद ठेवतो, फाइलच्या नावात कोड आणि तारीख.

वरून 'आजच, दुपारी दोनपर्यंत' असा निरोप आला तर शाळांना पूर्ण प्रपत्र पुन्हा भरायला लावत नाही. दोनशिक्षकी शाळेत लिपिक नसतो. मुख्याध्यापक प्रपत्राला बसले की एक वर्ग उघडा पडतो. आधीचे आकडे मीच भरून पाठवतो आणि विचारतो, यात काय बदललं? उत्तरं तासाभरात येतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला देण्याआधी गोषवारा शाळांच्या गटावर टाकतो. उरलेल्या चुका मुख्याध्यापकच शोधून देतात, बहुतेक वेळा शेजारच्या शाळेच्या.