लाल टिंब

आम्ही १९९४च्या दहावीचे. गणिताला जे सर होते त्यांचं नाव लिहिलं तर रागावतील, म्हणून नुसतं ‘सर’. अक्षर यथातथाच, आणि घटकचाचणीचे पेपर महिना-महिना हातात पडायचे नाहीत.

कारण सर फुली मारत नसत. एकेक पायरी वाचत खाली यायचे आणि जिथे पाय घसरला, त्या ओळीशेजारी लाल पेनाने एक टिंब द्यायचे. बस्स. तिथून पुढे आपलं आपण.

एकदा सरासरी वेग चालला होता. सुरुवात अर्थातच ठाणेकरांच्या लाडक्या गाडीपासून. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. म्हणजे ताशी साधारण ३६. (“धीमी लोकल अजून तेवढाच वेळ घेते, सर!” हे मागच्या बाकावरून.) मग सरांनी विचारलं, जाताना ताशी ४०, येताना ६०, तर सरासरी किती?

मी ठोकून दिलं, “५०!” अख्खा वर्ग माझ्या बाजूने.

“कसे आणलेस?”

“मिळवले, दोनने भागले.”

“दोन्ही वेळा गाडी सारखाच वेळ धावली असती, तर बरोबर होतं.”

मग अंतर १२० धरायला लावलं. जाताना ३ तास, येताना २. दोनशे चाळीस भागिले पाच, ४८. मुंगीच्या पावलाने जाणारी गाडी रुळावर जास्त वेळ असते, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

हुशार मुलं कुरकुरायची. पोर्शन मागे राहायचा हे खरंच. शेवटची दोन प्रकरणं शनिवारी दुपारी जादा तास घेऊन उरकली. मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता.

परवा नौपाड्यातल्या घरी मुलीची वही बघत होतो. अर्धा अधिक एक तृतीयांश, बाईसाहेबांचं उत्तर दोन पंचमांश. मी सरळ फुली मारली.

“बाबा, पण चुकलं कुठे?”

ओशाळलो. “तू कसं केलंस?”

“वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात.”

डब्यातून पोळी काढली. अर्धी ताटात ठेवली, दुसऱ्या पोळीचा तिसरा हिस्सा शेजारी. “दोन पंचमांश म्हणजे अर्धीपेक्षा कमी. इथे अर्धी तर आधीच आहे.”

ती थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली. मग खोडरबर शोधायला लागली, एका हाताने. दुसऱ्या हातात तो तिसरा हिस्सा होता आणि तोही निम्मा संपला होता.