कोरियातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवताना : कागदपत्रांपासून वर्गापर्यंत माझा अनुभव

दक्षिण कोरियात परदेशी भाषा शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा लागतो, तो इंग्रजीच्या बाबतीत सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांना दिला जातो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. माझे आईवडील मूळचे सांगलीचे. मी शाळकरी वयात त्यांच्याबरोबर न्यू जर्सीला गेले, पदवीपर्यंत तिथेच शिकले आणि अमेरिकेची नागरिक झाले, म्हणून हा मार्ग मला खुला होता. कोरियन सरकारचा ‘एपिक’ हा कार्यक्रम १९९५ पासून सुरू आहे आणि त्यातून परदेशी शिक्षक सरकारी शाळांत नेमले जातात. मी त्यातूनच ग्योंगसांगबुक-दो प्रांतातील आनदोंग शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत आले. अमेरिकेतील आणि भारतातील ओळखीच्या मराठी कुटुंबांतून या नोकरीविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून सगळा प्रवास सविस्तर लिहीत आहे.

या प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ जातो तो दोन कागदांवर. पहिला म्हणजे एफबीआयकडून मिळणारा चारित्र्याचा दाखला आणि दुसरा म्हणजे पदवी प्रमाणपत्राची प्रत. दोन्हींवर ‘अपोस्टिल’, म्हणजे हेग करारानुसार परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणन, लागते. मात्र ते कुठून मिळवायचे हे दोन्हींच्या बाबतीत वेगळे आहे, आणि हा फरक आधीच समजून घेतला तर कित्येक आठवडे वाचतात. एफबीआयचा दाखला केंद्र सरकारचा असल्याने त्याचे अपोस्टिल वॉशिंग्टनमधील परराष्ट्र खात्याकडूनच होते. पदवीच्या प्रतीवर आधी नोटरीची सही घ्यावी लागते आणि मग ती सही ज्या राज्यातील नोटरीची असेल त्या राज्याकडून अपोस्टिल मिळते. माझ्या बाबतीत हे काम न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन इथे झाले. चारित्र्याच्या दाखल्याला मुदत असते, त्यामुळे तो फार लवकर काढूनही चालत नाही आणि उशीर केला तर शाळेचे सत्र हुकते. कोरियातील शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते, म्हणून मी बोटांचे ठसे आदल्या उन्हाळ्यातच दिले होते. त्याच काळात शंभर तासांचा टेफल, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा, अभ्यासक्रमही पूर्ण केला, कारण माझी पदवी शिक्षणशास्त्रातील नव्हती.

मुलाखत व्हिडिओवरून झाली. तिच्यात व्याकरणाविषयी जवळजवळ काहीच विचारले नाही. तिसरीच्या वर्गात एक मूल रडू लागले आणि सोबतच्या कोरियन शिक्षिका वर्गाबाहेर गेलेल्या असतील तर तुम्ही काय कराल, असे प्रश्न होते. निवड झाल्यावर शिक्षण कार्यालयाकडून करारपत्र आणि नियुक्तीपत्र आले व त्यांच्या आधारे न्यूयॉर्कमधील कोरियन वाणिज्य दूतावासाने व्हिसा दिला. कोणती शाळा मिळणार हे मात्र कोरियात पोहोचून प्रशिक्षण चालू असतानाच कळले. ही अनिश्चितता सहन होणार नसेल तर या कार्यक्रमाचा विचार पुन्हा करावा, असे मी मनापासून सांगेन.

कोरियात उतरल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून निवासी ओळखपत्र घ्यावे लागते. कायद्याने एवढी मुदत असली तरी पहिल्याच आठवड्यात अर्जाची वेळ आरक्षित करणे शहाणपणाचे आहे, कारण इतर जवळजवळ सगळ्या गोष्टी या ओळखपत्राच्या तेरा आकडी क्रमांकावर अडलेल्या असतात. स्वतःच्या नावावर फोन घ्यायचा तर हे ओळखपत्र लागते; ऑनलाइन खरेदी, बँकेचे ॲप, रेल्वेचे तिकीट यांपैकी अनेक ठिकाणी ओळख पटवली जाते ती आपल्या नावावरच्या फोनवरून. त्याआधी ठरलेल्या रुग्णालयात रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे अशी तपासणी झाली. या काळात माझ्या सहशिक्षिका, म्हणजे वर्गात माझ्यासोबत शिकवणाऱ्या कोरियन शिक्षिका, प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर आल्या. त्यांच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेले नसावे, आणि तरीही स्वतःचे तास सांभाळून त्यांनी हे सारे केले, याची जाणीव मला आजही आहे.

राहण्यासाठी शाळेने एक खोली दिली होती. कोरियन घरांत जमिनीखालून उष्णता देण्याची ‘ओंदोल’ पद्धत असते, तिच्यामुळे आनदोंगच्या कडक थंडीतही जमिनीवर बसून जेवता येई आणि त्याचे मला फार सुख वाटे. कचऱ्याचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून शिकावे लागतात : १९९५ पासून देशभर कचऱ्यासाठी पालिकेच्या ठराविक पिशव्याच विकत घ्याव्या लागतात, आणि उरलेले अन्न व पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या टाकाव्या लागतात.

मी शाकाहारी आहे, त्यामुळे शाळेतील दुपारच्या जेवणाची मला आधी सर्वांत जास्त काळजी होती. जेवण सर्व मुले आणि शिक्षक एकत्रच करतात, आणि वेगळा डबा आणून एकटीने बसणे मला नको होते. महिन्याचा जेवणाचा तक्ता आधीच मिळतो व प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीसाठी ठरवून दिलेले क्रमांक छापलेले असतात : ९ म्हणजे कोळंबी, १० डुकराचे मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस. कोरियन वाचता येत नसतानाही या आकड्यांवरून बरेच काही कळे. मात्र या यादीवर पूर्ण विसंबता येत नाही, कारण मांदेलीसारख्या छोट्या माशांचा, म्हणजे ‘म्योलची’चा, रस्सा किंवा त्याचा खारवलेला अर्क तिच्यात येत नाही, आणि तो सूपमध्ये व किमचीतही असतो. शेवटी सहशिक्षिकांनी शाळेच्या आहारतज्ज्ञांशी माझी भेट घालून दिली. मी भात, टोफू, समुद्रशेवाळाच्या पापड्या आणि साध्या भाज्या घेईन, सूप घेणार नाही, असे ठरले. त्यानंतर कोणीही प्रश्न विचारला नाही, आणि स्वयंपाकघरातील बाई भाज्या वाढताना माझ्या ताटात आपणहून थोडी भर घालत.

करारानुसार आठवड्याला २२ तासिका शिकवायच्या आणि उरलेला कामाचा वेळ शाळेतच बसून तयारी करायची. कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. तिसरी-चौथीला आठवड्याला दोन आणि पाचवी-सहावीला तीन तासिका असतात आणि प्रत्येक तासिका ४० मिनिटांची असते. कागदावर हे फारसे अवघड वाटत नाही. वर्गात गेल्यावर खरी अडचण दिसते : मुलांच्या पातळीतील अंतर. संध्याकाळी ‘हाग्वोन’ म्हणजे खासगी शिकवणीला जाणारी मुले पाचवीत इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाचत असतात, आणि त्यांच्याच शेजारी बसलेल्या मुलाला अजून सगळी अक्षरे ओळखता येत नसतात. ठरलेल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे धडा शिकवला तर पहिल्या गटाला कंटाळा येतो आणि दुसरा गट गप्प होतो.

माझ्या सहशिक्षिकांनी यावर जो उपाय केला तो मला या वर्षातील सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक कामात अशी एक भूमिका ठेवली जिच्यात बोलण्यापेक्षा ऐकणे महत्त्वाचे असे. चित्र काढणारा, मोजणारा, वस्तू शोधून आणणारा. ज्या मुलाला बोलण्याची भीती वाटते, त्याला आधी ऐकून कृती करण्याची संधी मिळाली. माझे काम होते ते संवाद नैसर्गिक वेगाने, पण स्पष्ट बोलणे आणि प्रत्येक गटाशेजारी गुडघे टेकून बसून एकेका मुलाला उत्तर द्यायला पुरेसा वेळ देणे. आम्ही दोघी प्रत्येक तासानंतर थोडा वेळ बसून कोण बोलले आणि कोण बोलले नाही याची नोंद करत असू. एकट्या परदेशी शिक्षकाला हे जमले नसते, कारण मुले का गप्प आहेत हे कळायला त्यांचे घर, त्यांची भाषा आणि त्यांचे मागचे वर्ष माहीत असावे लागते. ज्यांना अशी सहशिक्षिका लाभत नाही त्यांची नोकरी वेगळीच असते. म्हणून इथे येणाऱ्या प्रत्येकाने धड्याच्या तयारीइतकाच वेळ या नात्याला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मी स्वतः हंगुल शिकू लागले तेव्हा देवनागरीची सवय उपयोगी पडली. राजा सेजोंग यांनी १४४६ मध्ये जाहीर केलेली ही लिपी उच्चारस्थानांच्या विचारावर बांधलेली आहे : मूळ व्यंजनाला एक रेघ जोडली की त्याचे महाप्राण रूप होते, म्हणजे ‘क’च्या आकारातूनच ‘ख’चा आकार निघतो. फळ्यावर मी मुलांची नावे हंगुलमध्ये लिहू लागले, तेव्हा गप्प बसणारी काही मुले माझे अक्षर सुधारायला पुढे आली आणि त्यातून आमचे बोलणे सुरू झाले.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. वर्ष पूर्ण झाल्यावर साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम निवृत्तिलाभ म्हणून मिळते. राष्ट्रीय पेन्शनमध्ये कापलेली रक्कम अमेरिकन नागरिकांना देश सोडताना परत मागता येते. दोन्ही देशांतील कर-करारामुळे सरकारी शाळेतील अमेरिकन शिक्षकाला दोन वर्षांपर्यंत कोरियन आयकरातून सूट मिळू शकते. तिच्यासाठी अमेरिकी कर विभागाकडून फॉर्म ६१६६ हे रहिवासाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते व ते यायला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वीच अर्ज करावा.

मी आणखी एका वर्षासाठी करार वाढवला आहे. कोरियात सरकारी शिक्षकांची काही वर्षांनी दुसऱ्या शाळेत बदली होते आणि माझ्या सहशिक्षिकांची मुदत या फेब्रुवारीत संपली. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्या नोंदींची वही नव्या शिक्षिकांच्या हाती दिली. नव्या सहशिक्षिका वयाने माझ्याएवढ्याच असून हा त्यांचा इंग्रजीचा पहिलाच वर्ग आहे. मार्चचे पहिले दोन आठवडे आम्ही पाचवीच्या मुलांचे नवे गट कसे करायचे यावरच बोलत होतो, आणि मुदतवाढीच्या अर्जासाठी इमिग्रेशन कार्यालयात जायची तारीख त्यांनी मला न विचारता आपल्या वेळापत्रकात लिहून ठेवली आहे.