एकमेकांसाठी थांबा : प्रभुभोजन, ऊसतोड आणि जातीचा दाखला

आमच्या चर्चमधे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं. पाळकसाहेब बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११ उघडतात आणि वाचायला सुरुवात करतात ती २३व्या वचनापासून, ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं तिथून. मग अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरेल हे येतं, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी हे येतं आणि तिथंच थांबतं. लहानपणापासून हा एवढाच तुकडा ऐकत आलोय आपण सगळे. त्याचा परिणाम काय झालाय तर मागच्या बाकावरची माणसं घाबरून उठतच नाहीत, आपल्याच हातून काहीतरी पाप झालं असेल म्हणून.

पण त्याच अध्यायात १७ ते २२ ही वचनं आहेत आणि शेवटी ३३वं आहे, ती कुणी मोठ्यानं वाचत नाही. एकदा वाचून बघा. हे पत्र लिहिणारा पौल भयंकर चिडलेला आहे. तुम्ही एकत्र जमता त्याने चांगलं होण्याऐवजी वाईटच होतंय असं तो सरळ सांगतो. चिडण्याचं कारण असं की जेवायच्या वेळी एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. आणि सगळ्याचा उपाय म्हणून शेवटी काय सांगतो, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस्स. म्हणजे अयोग्य रीतीने खाणं ही भानगड गरिबाच्या मनातल्या पापाची नाहीच मुळात, ती पोट भरलेल्यांच्या वागण्याबद्दल आहे. ज्या वचनानं पुढच्या बाकांना हादरायला पाहिजे होतं त्या वचनानं आपण मागच्या बाकांना घाबरवून ठेवलंय, हे मला फार लागतं, आणि हे लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

ज्यांना हे पत्र लिहिलं ते ग्रीसमधलं करिंथ कसं गाव होतं ते थोडं सांगते. रोमनांनी उद्ध्वस्त केलेलं जुनं शहर ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४४ मधे पुन्हा वसवलं, तिथं आणून बसवलेल्यांत सुटका झालेले गुलाम पुष्कळ होते. दोन बाजूंना दोन बंदरं, मालाची चढउतार, हमाल, गुलाम, कारागीर आणि त्यांच्यावर पैसा कमावलेले थोडे व्यापारी. मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समूहाला, वेगळी इमारत नव्हती, कुणातरी पैसेवाल्या विश्वासणाऱ्याच्या घरी जमायचे, गायस नावाच्या माणसाच्या घरी सगळी मंडळी जमायची असं रोमकरांच्या पत्राच्या शेवटी आलंय. अशा घरात जेवणाची खोली म्हणजे तीन बाजूंना तीन पलंग, त्यावर नऊ-दहा माणसं मावणार, बाकीचे बाहेर अंगणात. आणि रविवार तेव्हा सुट्टीचा नव्हता बरं का, रविवारची सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइननं दिली ती ३२१ साली. म्हणजे पौलाच्या काळात बंदरावरचा हमाल किंवा कुणाच्या घरची गुलाम बाई दिवसभराचं काम उरकून, मालकानं सोडल्यावर येणार, तोवर आतल्या पलंगावरच्यांचं जेवण आटोपलेलं असणार. अभ्यासकांनी हे चित्र बरंच मांडलेलं आहे आणि मला ते पटतं, कारण मी ते दरवर्षी बघते.

आमची मंडळी जालना आणि बीडच्या हद्दीवरची. वस्त्यावस्त्यांमधून येणारी निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि कुणी साताऱ्याकडं, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं तर कुणी कर्नाटकात जातं. परत यायचं ते मार्च-एप्रिलला, कधी पाडव्याला कधी त्याच्याही नंतर. फडावर पहाटे अंधारातच तोड सुरू होते, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, आणि एक दिवस काम बुडवलं की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच वरून अंगावर पैसे चढतात. रविवार कुठला आन् नाताळ कुठला.

मग आमच्या मंडळीचं वर्ष बघा. नाताळ डिसेंबरमधे, तेव्हा ते नाहीत. पास्टरेट कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीची, निवडणूक आमच्याकडं जानेवारीत होते, तेव्हाही नाहीत. वर्गणी थकली म्हणून मतदार यादीतून नाव गेलेलं असतं ते वेगळंच. उपासकाळ संपत येऊन उत्तम शुक्रवार येतो तेव्हा काहीजण नुकतेच आलेले असतात, हातापायाला पाचटाच्या चिरा घेऊन. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी कमिटीतले लोक म्हणतात, "यंदा गर्दी कमी होती, लोकांचा विश्वास थंड पडायलाय." विश्वास थंड नाही पडला हो, ती माणसं उसात उभी आहेत! एक दोघी तर फडावरच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, खराट्यानं झाडून, मोबाइलवर गाणी लावून, पोरांना दोन बिस्किटं देऊन नाताळ करतात, मला फोटो पाठवतात. त्यांना भाकर आणि द्राक्षारस द्यायला मात्र इथून कुणी जात नाही.

बायांचं तर बोलायलाच नको. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्याच्या बातम्या देशभर गेल्या, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळी आली, दुखायला लागलं तर काम बुडतं, खाडा पडतो, मग एखादा डॉक्टर सांगतो पिशवीच काढून टाक आणि बाई तिशीतच ऑपरेशन करून मोकळी होते. आमच्या महिला मंडळात अशा बाया आहेत. त्या वर्षी आमच्या वेदीवरून जगातल्या युद्धांसाठी प्रार्थना झाली, निवडणुकीसाठी झाली, ह्या बायांसाठी झाली नाही. रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट आपण संडे स्कूलच्या पोरांना फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं लावून शिकवतो, बारा वर्षांचं दुखणं आणि वैद्यांपायी तिचा सगळा पैसाअडका संपला, मार्क ५ मधे स्पष्ट लिहिलंय. ती गोष्ट आपल्याच मंडळीत घडायलीय तर मग गप्प का बसायचं?

आता जातीचं. जालन्याकडच्या ख्रिस्ती लोकांना नारायण शेषाद्री हे नाव माहीत असतं. ब्राह्मण घरातले, १८४३ मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, नंतर निजामाच्या राज्यात जालन्याला येऊन त्यांनी काम केलं ते मुख्यतः मांग समाजात, आणि जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. ज्या काळात ब्राह्मणाने मांगाच्या सावलीला उभं राहायचं नाही त्या काळात हा माणूस त्यांच्यात जाऊन राहिला. सुरुवात अशी आहे आपली. पण नंतर काय झालं, तर शिकलेली, मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात नोकरीला लागलेली घरं मिशनच्या कंपाउंडात राहिली आणि बाकीचे वस्तीवर राहिले. आज कंपाउंडवाले म्हणजे पुढचे बाक आणि वस्तीवाले म्हणजे मागची सतरंजी. लग्न जुळवताना तर "कोणत्यातले" हे अजूनही विचारतात, महारातले का मांगातले, आणि विचारणारे दर रविवारी एकाच भाकरीतले तुकडे खाणारे असतात. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं, बाप्तिस्मा घेतल्यानं चर्चमधली जात जात नाही असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. आपण ते वाचून रागावतो. रागावण्यासारखं त्यात काही नाही, कबूल करण्यासारखं आहे.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट आता लिहिते. आमच्याकडं एक मावशी आहेत, मातंग समाजातल्या. मी नोकरीला लागायच्या आधीपासून त्या उपासनेला येतात, ‘उपासना संगीत’ मधली कितीतरी गाणी त्यांना पुस्तकाशिवाय येतात, वाचता येत नाही तरी. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढं जातात तेव्हा त्या मांडी घालून तिथंच बसून राहतात. बाप्तिस्मा नाही झालेला. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घेतला असता वो बाई, पण नातवाचं सर्टिफिकेट जाईल ना. त्याला शिकू द्या, मग मी घेते. तवर देवाला माहिताय मी कुणाची ते."

बाप्तिस्मा घेतला तर नातवाचा जातीचा दाखला जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता, १९५६ मधे सगळे शीख आणि १९९० मधे बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. दर्जा गेला की शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण पण जातं, गावातला जातीचा त्रास मात्र जात नाही, तो बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघून थांबत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मधे ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मधे ह्याच प्रश्नावर सरकारनं न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मधे पुद्दुचेरीच्या एका बाईच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातीचा दाखला नाकारला तेव्हा बाप्तिस्म्याची नोंदसुद्धा पुरावा म्हणून पुढं आली होती. म्हणजे आपलं रजिस्टर हे ह्या माणसांच्या दृष्टीनं देवाच्या घरातली वही राहिलेली नाही, कोर्टात जाऊ शकणारा कागद आहे तो. सरकार म्हणतं तू ख्रिस्ती असशील तर दलित नाहीस, आणि आपण म्हणतो तू कागदावर हिंदू आहेस तर प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनाला, येऊ नकोस. दोन्हीकडून दार लावलेलं, आणि मधे एक म्हातारी बसलेली.

ह्यावर पाळकसाहेबांशी माझं बोलणं झालं, आणि त्यांनी अगदी प्रेमानं ऐकून घेतलं हे पण सांगायला पाहिजे. त्यांचं म्हणणं, बाप्तिस्म्याआधी प्रभुभोजन नाही ही शिस्त पहिल्या शतकांपासूनची आहे, मी एकटा ती मोडू शकत नाही, आणि विश्वासाची काहीतरी किंमत द्यावीच लागते. शिस्त जुनी आहे हे खरंच आहे, मी त्याचा मान ठेवते. पण किंमत कोण द्यायलंय ते पण बघा ना. कंपाउंडातल्या तिसऱ्या पिढीला, मला, बाप्तिस्म्याची काय किंमत पडली? काहीच नाही, उलट मिशनच्या शाळेत फी माफ झाली. जी किंमत आपण कधी दिली नाही ती शेतमजुराच्या नातवाकडून मागायची, आणि तीही त्याच्या शिक्षणाची! हे मला ख्रिस्ताच्या तोंडचं वाटत नाही.

अरविंद निर्मळ, आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातलेच, १९८० च्या दशकात दलित ईश्वरज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती विश्वास समजून घेण्याची, मांडणी सुरू करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं येतं. येशूनं मंदिरात सराफांचे चौरंग उलथवले तो प्रसंग ते वेगळ्या बाजूनं बघायला लावतात. तो बाजार भरायचा बाहेरच्या अंगणात, जिथपर्यंतच परराष्ट्रीयांना यायची परवानगी होती. म्हणजे ज्यांना आत जाता येत नव्हतं त्यांची प्रार्थनेची तेवढी एकच जागा, आणि तीच इतरांनी व्यापलेली. येशूनं ती त्यांना मोकळी करून दिली. हे वाचल्यापासून मला आमच्या चर्चची मागची सतरंजी वेगळीच दिसायला लागली, तिथं नाताळात जादा खुर्च्यांची थप्पी लावून ठेवतात आणि वस्तीवरच्या बाया चपलांच्या बाजूला सरकून बसतात.

मग करायचं काय? प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ मधे एक प्रसंग आहे, रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जायचं म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी "तुमचा विश्वास कमी आहे" असं नाही म्हटलं. सात जण निवडायला लावले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, स्तेफन, फिलिप्प वगैरे. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातलेच लोक वाटपावर नेमले. मला ह्या प्रसंगातली समजूत फार मोठी वाटते, आजच्या कमिट्यांना जमणार नाही इतकी मोठी.

म्हणून येत्या मिटिंगला मी लेखी ठराव देणार आहे. निवडणूक मे महिन्यात घ्या, लोक गावात असताना, आणि वर्गणीसाठी कुणाचं नाव कापू नका. कमिटीत निदान दोघं ऊसतोडीला जाणारे असावेत, त्यातली एक बाई. डिसेंबरात पाळकसाहेबांनी आणि आम्ही काहीजणांनी गाडी करून फडावर जायचं, रात्री गाड्या भरून झाल्या की तिथंच कोपीसमोर प्रभुभोजन. पहिल्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी घरून आणलेलं एकत्र बसून जेवायचं, पहिल्या मंडळीत हे जेवण आणि प्रभूचं मेज एकमेकाला लागूनच होतं, आणि त्या जेवणाला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, म्हणजे मावशी निदान तिथं तरी आमच्या पंगतीत असतील. बाप्तिस्मा न झालेल्यांना मेजावर घ्यायचं का हा प्रश्न आमच्या कमिटीचा नाही, तो वर धर्मप्रांतात आणि सिनडमधे, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेत, जायला पाहिजे, तर तसं पत्र बिशपसाहेबांना पाठवा, दाखल्याची सगळी अडचण त्यात लिहून. आणि ११वा अध्याय १७व्या वचनापासून वाचा, एवढं तर पाळकसाहेब ह्याच रविवारी करू शकतात.

खजिनदारांना मी आधीच सांगून ठेवलं, त्यांनी लगेच गाडीच्या डिझेलचं विचारलं. दोन जिल्हे ओलांडून जायचं म्हणजे खर्च आहे, बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं नाताळच्या लायटिंगचं आणि मंडपाचं जे बजेट आहे त्यातून काढा. ते "बघू" म्हणालेत, मिटिंग पुढच्या आठवड्यात आहे.